खाकी कागदाचे पाय

या पानावरचे अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचतेय. त्यातल्या निम्म्यांवर हसलेही आहे, हे आधीच कबूल करते. आता माझ्यावर कोणी हसलं तर फिटंफाट.

मी आसेगावात शिवणकाम करते. वाशिम जिल्हा, मंगरुळपीर तालुका. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, दारावर पाटी. अमावास्येला नवं कापड कापू नये म्हणतात ना? मी वीस वर्षं मुद्दाम अमावास्येलाच कापत आले. त्या दिवशी बायका कापड घेऊन येत नाहीत, काम निवांत होतं. अमावास्येमुळे एकही ब्लाउज बिघडला नाही. जे बिघडले ते माझ्या घाईनं बिघडले. तर मी अशी बाई. देव, नवस, उतारा — ज्याचं त्याला लखलाभ.

तीन वर्षांपूर्वी मला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, अकोल्याला केमो झाली. त्यावर फार लिहीत नाही, ज्यांनी काढलंय त्यांना माहीत आहे. केमो संपल्यावर केस परत आले. तोंडाची चव आली. हातांच्या बोटांना मुंग्या यायच्या, त्याही गेल्या. पाय मात्र आले नाहीत...

म्हणजे पाय होते. चालता यायचं. पण घोट्याखाली काही लागत नव्हतं. जमीन गार आहे की तापलीय, पायाखाली फरशी आहे की गोधडी, काही कळायचं नाही. चप्पल निसटून मागे राहायची आणि मी तशीच पुढे जायची. डॉक्टर म्हणाले, औषधानं नसा दुखावल्या आहेत. वर्षभरात संवेदना येईल, कदाचित येणारही नाही. काही फरक वाटला तर तारीख-वेळ लिहून ठेवा. खोटी आशा दाखवली नाही त्यांनी, एवढं बरं.

शिवणारी बाई हातानं शिवते असं लोकांना वाटतं. ती पायानं शिवते. बगलेच्या गोलाईत मशीन किती हळू न्यायचं, कुठे थांबायचं, हे तळव्याला कळतं. माझ्या तळव्याला कळेनासं झालं. ह्यांनी मशीनला मोटर बसवून दिली. तिच्या पायडलवर किती दाब पडतोय तेही कळेना. एके दिवशी मशीन एकदम धावलं आणि सुई माझ्या बोटाच्या नखातून आरपार गेली. त्या दिवशी मी मशीनवर चादर टाकली, ती टाकलीच.

वाईट वाटलं का? खरं सांगते, नाही. त्या काळात मला काहीच वाटत नव्हतं. रिपोर्ट चांगले आले तेव्हा ह्यांनी पेढे आणले. मी एक खाल्ला आणि भांडी घासायला बसले.

आता इमलाबद्दल सांगते. इमला मानोरा रस्त्यावरच्या एका तांड्यावर राहते. दिवाळीनंतर नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाते, उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. सोळा वर्षांपूर्वी ब्लाउज शिवायला म्हणून आली आणि गळा मोठा झाला म्हणून माझ्याशी भांडली, तेव्हापासूनची ओळख. माझी केमो चालू होती त्या वर्षी ती तोडीला गेली नाही. मी कारण विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. दर वेळी एसटीनं माझ्यासोबत अकोल्याला यायची, उलटीचं भांडं धरायची, येताना माझं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेऊन बसायची. या सगळ्याबद्दल मी तिला एक शब्द बोलले नव्हते. आमच्यात आभार मानत नाहीत, हे एक. दुसरं म्हणजे, आभार मानायला आतून काही यावं लागतं. ते येत नव्हतं.

मागच्या वर्षी रामनवमीच्या चार दिवस आधी ती आली. मशीनकडे पाहून दारातच थांबली.

"काहून वं, मशीनले कफन काहून घातलं?"

"पाय नाईत ना माये."

"हायेत की. दिसून राह्यले मले."

"दिसतात. लागत नाईत."

ती खाली बसली. तिचाच एक ब्लाउजपीस वर्षभर कापून पडला होता, हिरवा. तो तिनं उचलून पाहिला आणि परत ठेवला. मग म्हणाली, "मी पोहऱ्याले चालली यंदा. पायी, अनवाणी. तुह्या पायासाठी."

पोहरा म्हणजे पोहरादेवी, मानोऱ्याच्या पुढे. रामनवमीला तिथे मोठी यात्रा असते, तांड्या-तांड्यावरून लोक चालत जातात. कोणाचा हात दुखत असेल, डोळा बरा होत नसेल, तर त्या अवयवाचा चांदीचा छोटा पत्रा देवाला वाहायचा, अशी आपल्याकडे रीत आहे. मी म्हटलं, "आन चांदीचे पाय कुठून आणशीन?"

"चांदी सोनाराकडं असते. शिंपिणीकडं कागद असते." असं म्हणून तिनं माझा मापाचा खाकी कागद ओढला, ज्यावर मी कटोरीचे आकार काढते तो. जमिनीवर पसरला. "राह्य उभी."

मी उभी राहिले. भांडायचा कंटाळा आला होता. जन्मभर मी दुसऱ्यांची मापं घेतली, माझं माप पहिल्यांदाच कोणी घेत होतं. इमला खडूनं माझ्या पावलांभोवती रेघ ओढत होती आणि मला खडू लागत नव्हता. दुसऱ्या कोणाचे तरी पाय पाहावेत तशी मी पाहत होते. तिनं कात्री हातात घेतली तेव्हा सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "शिलाईले पाव इंच दाब सोड."

"कायले? पाय शिवाचे हायेत का तुले?"

मला हसू आलं. आलं आणि गेलं. तिनं मात्र खरंच सगळीकडून पाव इंच सोडून पाय कापले, घडी केली आणि कमरेच्या बटव्यात खोचले.

दोन दिवसांनी त्यांचा जत्था तांड्यावरून सकाळी निघाला.

त्या दुपारी मी पलंगावर पडले होते. पायांवर चादर, खिडकी बंद. अडीच वाजता तळवे तापले. मला वाटलं, ऊन आलं असेल, म्हणून पाय आखडून घेतले. ऊन नव्हतं. चटका मात्र वाढतच गेला, उन्हाळ्यात डांबरावर चप्पल तुटल्यावर लागतो ना, तसा. मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी तळव्याला हात लावला. म्हणाले, "थंडे तं हायेत."

डॉक्टरांनी लिहून ठेवायला सांगितलं होतं. हाताशी मापाची वही होती. तिच्या शेवटच्या पानावर मी लिहिलं, तेच इथे उतरवते:

अडीच. दोन्ही तळवे, चटका.
पावणेचार. टोचतं, खडीवर चालल्यासारखं.
पाच वाजून दहा. एकदम गार. ओलं.

पाच-दहाला मी पाय खाली सोडून पाहिले. कोरडे होते. घरातल्या फरशीवर ठेवले तर फरशी लागली नाही. हे मला अजून नीट सांगता येत नाही... जे पायाखाली होतं ते लागत नव्हतं, आणि जे नव्हतं ते लागत होतं.

इमलाला फोन केला नाही. करून सांगणार काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास चहा गाळत होते. उजव्या अंगठ्यात असा काही काटा घुसला की चहाचं भांडं हातातून पडलं. ह्यांनी चष्मा लावून, बॅटरी मारून अंगठा पाहिला. ओरखडासुद्धा नाही. दिवसभर मी लंगडत होते. वर्षभरात पहिल्यांदा माझ्या पायाला काहीतरी दुखत होतं. फार आनंद झाला असं लिहायला हवं, पण झाला नाही. पाहुणा आल्यावर त्याच्यासमोर बसतो तशी मी त्या दुखण्यासमोर बसून राहिले. वहीत लिहिलं, सकाळी नऊ, उजवा अंगठा, काटा.

तिसऱ्या दिवशी रामनवमी. गावातल्या देवळात बारा वाजता पाळणा हलला, गुलाल पडला, घंटा वाजल्या. त्या घंटा चालू असतानाच माझे पाय गेले. दिवा मालवावा तसे, दोन्ही. पुन्हा पूर्वीसारखे. फक्त उजवा अंगठा राहिला. तो ठसठसत होता. अजून जागा होता.

दुसऱ्या दिवशी इमला जीपनं परत आली आणि तांड्यावर न जाता सरळ माझ्याकडे उतरली. तिच्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

मी वही लपवली. आधी तिलाच विचारलं, कसं झालं.

"मले तं काईच झालं नाई व माय," ती म्हणाली. "बाकीच्या बायायचे तळवे सोलून निघाले. मी आपली चालून राह्यली, जशी काई गादीवरून. बाया म्हणे, देवीनं उचलून नेली तुले."

"कुठं कुठं थांबल्या?"

"पहिल्या दिशी जेवण झालं न् दोन-अडीचले निघालो. डांबर असं तापेल होतं! मंग ते खडी टाकेल हाये ना नव्या रस्त्याले, तिथून गेलो. संध्याकाळी एका पाटलानं पाइप सोडून रस्ता ओला करून ठेवला होता, चालणाऱ्यायसाठी. सगळ्या बाया तिथं नाचल्या. मले पाणीबी गार नाई लागलं."

"आन हा अंगठा?"

"बाभळीचा काटा. दुसऱ्या दिशी सकाळी. मले कुठं कळलं! मांगची बाई म्हणे, इमला, रक्त निघून राह्यलं तुह्या पायातून."

मग मी वही काढली आणि वाचून दाखवली. तिनं बटव्यात हात घातला आणि खाकी कागदाचा एक चुरगळलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"पाय वाहले देवीले, पाळण्याच्या टायमाले. पण घामानं कागद बटव्याले चिपकला होता. काढाले गेली तं फाटला. हा अंगठा राह्यला माह्यापाशी. फेकाव वाटला नाई."

उजव्या पायाचा होता. पाव इंच दाबासकट.

आता खुलासे. मी स्वतःच सगळे करून पाहिले आहेत. नसा परत येताना भलभलतं जाणवतं, असं डॉक्टर म्हणाले. असेल. चैत्रात पायी जाणारा माणूस दुपारी डांबर, मग खडी तुडवणारच, त्यात नवल नाही. मलाही ते अंदाजानं सुचलं असेल. असेल. पण नऊ वाजताचा काटा, तोही उजव्या अंगठ्यात, मी तिच्या येण्याच्या दोन दिवस आधी लिहिला होता. वही अजून माझ्याकडे आहे.

माझा तो अंगठा जागाच राहिला. बाकीचे पाय नाहीत. पण मोटरच्या पायडलला एक अंगठा पुरतो, हे मला पंधरा दिवसांत कळलं. मी चादर काढली. पहिला शिवला तो इमलाचा हिरवा ब्लाउज. तीन वेळा उसवला, चौथ्यांदा बगल बरोबर बसली. आता महिन्याला पूर्वीच्या निम्मं काम होतं. कागदाचा तुकडा मशीनच्या खणात बॉबिनच्या डबीत आहे.

इमलाचे पाय घरी आल्यावर दोन दिवसांत पूर्वीसारखे झाले. उजवा अंगठा सोडून. डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली, शुगर तपासली, शुगर नाही. काट्यानं नस दुखावली असेल, म्हणाले. असेल.

दिवाळीनंतर ती ऊसतोडीला गेली आणि या उन्हाळ्यात परत आली तेव्हा तिच्या त्या अंगठ्याचं नख अर्धं गेलेलं होतं. फडात कशानं तरी गेलं, केव्हा गेलं, तिला पत्ता नव्हता. पायतणात रक्त दिसलं तेव्हा कळलं. ती हे हसत सांगत होती आणि मला रडू फुटलं. ऑपरेशनला नाही, केमोत नाही, तेव्हा फुटलं. मी डबीतून तो कागदाचा तुकडा काढला आणि तिच्यापुढे धरला. म्हटलं, "घेऊन जाय वापस. तुहा अंगठा तुले पाह्यजे. तू फडात असते, मी घरात."

तिनं माझ्या हाताची मूठ बंद केली.

"येडी झाली काय वं? मले काय मशीन चालवाची हाये?"

यापलीकडे मला काही माहीत नाही, आणि कोणी समजावून सांगितलं तरी मी नुसती ऐकून घेईन. आता ती आली की मी आधी तिला खुर्चीवर बसवते, तिचा पाय मांडीवर घेते, चष्मा लावते आणि अंगठा सगळीकडून पाहते. काटा रुतलाय का, चीर पडलीय का, भाजलंय का. ती कंटाळते, पाय ओढते. मी सोडत नाही. तिला कळत नाही ना.