गिरजानं सांगितलेला ताप

गुंद गावाजवळच्या एका वाडीत गिरजाचं घर. परसात कंदांचे वेल, पुढं भाताचा तुकडा, आणि त्याला लागूनच रान. नवरा परशू वनखात्याच्या कामावर रोजंदारीनं जायचा. वाडीपर्यंत गाडी येत नाही. आजारी माणसाला घोंगडीच्या झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत न्यायचं, तर बांबूचं पुढचं टोक परशूच्याच खांद्यावर असायचं. कुणी बोलवायला यावं याची वाट तो बघत नसे.

यंदाच्या उन्हाळ्यात फणस उतरवताना फांदी मोडली आणि परशू डोक्यावर पडला. त्याला बेळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. मशीनवर छाती वरखाली होत होती, अंगही गरम होतं. पण डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासून सांगितलं की मेंदू मेला आहे, माणूस परत यायचा नाही.

गिरजा बराच वेळ त्याच्या पायांवर हात ठेवून उभी राहिली. मग अवयवदानाचं काम बघणाऱ्या पल्लवीनं तिला शेजारच्या खोलीत बसवलं. मूत्रपिंडं, यकृत, डोळे दुसऱ्या आजारी माणसांना देता येतील, पण घरच्यांची इच्छा असेल तरच, असं तिनं हळू आवाजात सांगितलं.

धाकटा दीर लक्ष्मण म्हणाला, "नको वयनी. दादाला हाय तसा घरी न्हेऊया."

"भावजी, लोकांसाठी ह्यांनी सगळा जल्म खांदा दिला. आता मी न्हाई कशी म्हणू?"

लक्ष्मण भिंतीकडं तोंड करून रडला. थोड्या वेळानं त्यानं होकाराची मान हलवली.

पल्लवी एकेक विचारू लागली. साखर होती का, कावीळ झाली होती का. मग तिनं विचारलं, "एवढ्यात कधी ताप आला होता?"

पल्लवीच्या चेहऱ्यावरून गिरजाला कळलं की हे उगाच विचारलेलं नाही.

"आला हुता," ती म्हणाली. "हे गोठ्यासाठी रानातनं पाला गोळा करून आले, आणि मागनं अंग मोडून आलं. डोळं लालभडक. काखेत गोचीड हुती, मीच काढली. त्या रानात माकडं मरून पडल्याली बी दिसली हुती."

पल्लवी बाहेर गेली आणि डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टर गिरजासमोर बसले. हा माकडताप असू शकतो, ते म्हणाले. त्याचा विषाणू गोचिडीतून येतो, आणि ताप उतरला तरी तो अंगातून गेलाच असेल असं सांगता येत नाही. नवा अवयव शरीरानं नाकारू नये म्हणून रोग्याची आजाराशी लढायची ताकद औषधांनी मुद्दाम कमी ठेवावी लागते. अशा माणसाच्या अंगात हा विषाणू शिरला, तर त्याला वाचवणं कठीण. रक्त तपासायला पाठवू, पण उत्तर येईपर्यंत परशूचं शरीर टिकणार नाही.

"मग डोळं तरी घ्या," गिरजा म्हणाली.

"डोळेही नकोत, आक्का," पल्लवी म्हणाली.

परशूला घरी आणताना लक्ष्मणनं गाडीत विचारलं, "वयनी, तुमी तापाचं बोलला नसता तर?"

"मग दुसऱ्या कुणाच्या घरात रडारड झाली असती, भावजी. ते माझ्या हातनं कसं व्हावं?"

वाडीनं परशूला खांद्यावरून नेलं. त्या दिवशी कुणी कामावर गेलं नाही.

पुढं पेरणीच्या सुमाराला पल्लवीचा फोन आला. रक्ताचा रिपोर्ट आला होता. माकडताप नव्हता, साधाच कुठला तरी ताप होता.

गिरजा खाली बसली. "म्हंजे घेता आलं असतं."

पल्लवीला खोटं बोलवेना. "आलं असतं, आक्का. पण तेव्हा ते कळायला काही मार्ग नव्हता. तुम्ही सांगितलंत ते बरोबरच केलंत."

"व्हय. पण तिकडं कुणीतरी वाट बघत असंल न्हवं? त्येचं काय झालं?"

"ते मला सांगता येत नाही."

गिरजानं फोन लक्ष्मणच्या हातात दिला आणि परसात गेली. वेलांच्या काठ्या वाऱ्यानं कलल्या होत्या. दोन सरळ केल्या, तिसरीला हात लावला आणि तिथंच उभी राहिली. परशूचं काही कुणाला देता आलं नाही याचं रडू तिला आलं की त्या न बघितलेल्या माणसाचं, ते तिलाही सांगता आलं नसतं.