गप्प राहायची सहल

आई गेली त्या वर्षीच्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा पक्षी बघायला गेले. निपाणीच्या एका शाळेत मी शास्त्र शिकवत होते. वय चाळिशीकडे झुकलं होतं. आईच्या आजारपणात लग्न राहून गेलं, आणि मग कुणी तो विषय काढेनासं झालं. भाड्याच्या दोन खोल्या होत्या, मागच्या बाजूला तंबाखूची वखार. शाळा सुटली तरी घराकडे पाय वळत नसत. शिपाई दारं लावायला येईपर्यंत मी रिकाम्या वर्गात काहीबाही करत बसायची.

बेळगावात त्या काळी हिवाळ्यात निसर्ग महोत्सव भरायचा. कॉलेजचे प्राध्यापक, दोनचार डॉक्टर आणि वनखात्यातून निवृत्त झालेले एक साहेब मिळून तो भरवायचे. संध्याकाळी भाषणं, पडद्यावर स्लाइड्स आणि पहाटे बसमधून सहली. शाळेत त्याचं पत्रक आलं. बाकीच्यांना घरचं कुणी ना कुणी सोडत नव्हतं. मुख्याध्यापक मला म्हणाले, तुम्हाला काय अडचण नसंल. खरंच नव्हती. शहापुरात मावशी राहायची, तिच्याकडे उतरले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बसमध्ये जाऊन बसले.

हिडकलच्या धरणावर पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं. बुडालेल्या झाडांचे शेंडे तेवढे वर दिसत होते. साहेबांनी सगळ्यांना उतरवून घेतलं आणि एकच नियम सांगितला: आता परत बसमध्ये चढेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मी मनातून सुखावले. आई गेल्यापासून जो तो मला बोल म्हणत होता. स्टाफरूममध्ये, घरमालकिणीच्या ओट्यावर, मावशीकडे. इथं वीसेक माणसं एकमेकांच्या शेजारी उभी होती आणि कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. धुकं विरळ झालं तसे पलीकडच्या चिखलात राखाडी हंस दिसायला लागले. डोक्यावर दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून आलेले. दुर्बीण एकच, ती हातोहात फिरत होती. माझ्या हातून ती पुढे द्यायला उशीर झाला, तरी नियमामुळे कुणी मला काही म्हणालं नाही.

त्यानंतर मी दर वर्षी जायला लागले. पुस्तकं मागवली, सुट्टीच्या दिवशी एकटीच तळ्यांच्या काठानं फिरले. पुढं साहेबांनी मराठी गट माझ्याकडे दिला. कानडी गट एक प्राध्यापक नेत.

मी गट न्यायला लागले त्या पहिल्या वर्षी चिकोडीकडचं एक जैन जोडपं माझ्या गटात होतं. घरची तंबाखूची शेती, थोडा व्यापार. बोलणं घरात कानडी, बाजारात मराठी, त्यामुळं ती दोघं कुठल्याही गटात चालली असती. बाईंना दुर्बिणीतून काहीच दिसत नव्हतं. त्या डोळे मिटून ती धरायच्या आणि नवऱ्याला हसू आवरायचं नाही. साहेबांचा न बोलायचा नियम मी माझ्या गटातही ठेवला होता; दोघांनी तोंडावर पदर-रुमाल धरून तो पाळला.

पुढच्या वर्षी ते गृहस्थ एकटेच बसमधून उतरले. मी विचारलं, आक्का आल्या नाहीत? ते म्हणाले, श्रावणात गेली. त्या सकाळी ते गटाच्या कडेला, माझ्या शेजारी उभे राहिले. चक्रवाकांची एक जोडी पाण्याच्या कडेनं चालत होती. मी दुर्बीण त्यांच्याकडे दिली. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि परत दिली. बस सुटायच्या आधी चहा घेताना मात्र ते आपणहून बोलले.

"घरात सगळी हायत, बाई. दोन पोरं, सुना येतील, भाऊ हाय. बोलवतात, जेवा म्हणतात. पण माझ्याजवळ गप्प बसायला कोण न्हाय."

मी म्हटलं, "माझ्याकडं गप्प बसायला पुष्कळ जागा आहे, पण शेजारी कुणी नाही."

बोलून गेले आणि मग माझं मलाच कसंतरी झालं. 

त्या वर्षभरात ते निपाणीच्या बाजाराला आले की कधीमधी माझ्या दारावरून जायचे. आत कधी आले नाहीत. ओट्याच्या खाली उभं राहून विचारायचे, धरणाचं पाणी उतरलं का, हंस आले असतील का. एकदा शेतातल्या शेंगांची पिशवी ठेवून गेले. मी त्या भाजून खाल्ल्या, बऱ्याच दिवसांनी कुणीतरी माझ्यासाठी म्हणून आणलेलं खात होते. घरमालकिणीनं पिशवी बघितली होती. ती वाईट बाई नव्हती. चार दिवसांनी पाणी भरताना एवढंच म्हणाली की गाव लहान आहे, बाई, लोक बोलतात. मग शाळेतही दोघीजणी मी आत गेले की बोलता बोलता थांबायला लागल्या.

त्या हिवाळ्यात महोत्सवाच्या पहिल्या संध्याकाळी ते मला सभागृहाच्या बाहेर भेटले. धोतर, कोट, हातात टोपी. आजूबाजूला माणसं होती म्हणून ते जरा लांबच उभे राहिले.

"थोरल्याचं लग्न ठरतंय," ते म्हणाले. "सोयऱ्यांच्या कानावर काय-काय गेलंय. तसलं काय न्हाय, ते तुमास्नीबी ठाऊक, मलाबी ठाऊक. पण तुमचं नाव उगंच कशाला. मी यंदा कानडीतनं जातो."

मी बरं म्हटलं. एखादी गोष्ट असती तर तिच्यावर भांडता आलं असतं. जे नव्हतंच ते सोडून द्यायचं होतं, आणि तरी ते जड जात होतं.

दुसऱ्या दिवशीची सहल संध्याकाळची होती. कानडी गट धरणाच्या पलीकडच्या टोकाला, आमचा अलीकडे. मी मुलांना आणि शिक्षकांना लांब पायांचा शेकाट्या दाखवला, पाण्यावर सूर मारणारे नदीसुरय दाखवले. मधेच दुर्बीण पलीकडे वळवली. प्राध्यापकांनी गप्प राहायचा नियम ठेवला नव्हता, त्यांच्या गटात सगळे मोकळे बोलत होते. चिकोडीकडचे ते गृहस्थ मधे उभे होते आणि दोन्ही बाजूंनी माणसं त्यांच्याशी काहीतरी बोलत होती.

दोन्ही गट बसजवळ आले तेव्हा सूर्य अगदी खाली गेला होता. जैन माणूस दिवस मावळल्यावर खात नाही. ते पलीकडच्या बसच्या पायरीवर डबा उघडून घाईनं जेवत होते, आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. दोन्ही गाड्या बरोबरच सुटायच्या होत्या. मी माझ्या गटाला परत पाण्याकडे वळवलं. म्हटलं, थांबा, हंस आता रात्रीच्या जागी उतरतील. ते उतरतील याची मला खात्री नव्हती. कुणीतरी ओरडून बोलावत होतं, मी ऐकू न आल्यासारखं केलं. सूर्य टेकडीमागं जाईपर्यंत आम्ही तिथंच उभे होतो. वळून बघितलं तर ते हात धुऊन डब्याचं झाकण लावत होते. मी गटाला म्हटलं, चला. अंधारात बस बेळगावकडे निघाली. आमच्या गाडीत मुलं गाणी म्हणत होती. मी खिडकीची काच लावून घेतली.

पुढच्या हिवाळ्यात ते आले नाहीत. त्यांच्या गावचा एक विद्यार्थी आमच्या शाळेत होता. त्याला सहज विचारल्यासारखं करून विचारलं. लग्न थाटात झालं म्हणाला, म्हातारे आता घरीच असतात, बाजाराला पोरं येतात. बस्स, एवढंच कळलं. 

आणखी काही वर्षं मी गट नेला. साहेब थकले, प्राध्यापकांची बदली झाली, आणि महोत्सव एका वर्षी भरलाच नाही. त्या हिवाळ्यात एका रविवारी मी संकेश्वरला गाडी बदलून एकटीच धरणावर गेले. वारा फार होता, पाणी लांब गेलेलं. हंस आले होते, नेहमीपेक्षा कमी. मी थोडा वेळ बघितलं. मग गुरं राखणारी एक बाई येऊन शेजारी उभी राहिली आणि मी कोणाची, कुठली, असं विचारायला लागली. मी सगळं सांगितलं. दुपारच्या बसनं निपाणीला परत आले.