डाव्या हातानं उघडणारा चाकू

माझ्या नवऱ्याला चाकूंचं वेड आहे. तो नांदेडच्या एका शाळेत गणित शिकवतो. घरात साधी कैरी चिरायची वेळही त्याच्यावर क्वचित येते, पण कोणतं पोलाद कशासाठी चांगलं हे त्याला अर्ध्या झोपेतही सांगता येईल. मी गुरांची डॉक्टर. चाकूचं काम माझ्याकडं आणि चाकूचं ज्ञान त्याच्याकडं, अशी आमच्या घरातली वाटणी आहे.

नोकरीला लागले तेव्हा लोहा तालुक्यातल्या एका दवाखान्यावर माझी नेमणूक झाली. कपाटात शस्त्रक्रियेची हत्यारं होती, पण गोठ्यात रोज लागतो तसा साधा चाकू नव्हता. मानेत रुतलेलं दावं कापायचं, खुराचा कुजलेला भाग काढायचा, औषधाची खोकी फोडायची, हे सगळं मी दाढीच्या ब्लेडनं करायचे. एकदा बोटाला पट्टी बांधून घरी आले. नवऱ्यानं पट्टी उलगडून जखम बघितली. काही दिवसांनी, लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या वाढदिवसाला, टपालानं एक लहानसा जड डबा आला.

त्यात घडीचा चाकू होता. गडद लाकडी मूठ, दोन्ही टोकांना पितळ, आणि मिटताना होणारा तो भरीव आवाज. परदेशातली एक जुनी कंपनी तो बनवते. पिढ्यान्‌ पिढ्या त्यात काही बदललं नाही, हीच म्हणे त्याची ख्याती. सासूबाईंना मात्र बायकोला धारेची वस्तू देणं पटलं नाही. पहिल्या वाढदिवसाला माणूस साडी घेतो, असं त्या आठवडाभर म्हणत होत्या.

तो चाकू मी कित्येक वर्षं वापरला. माझं माहेर निलंग्याकडचं. देवणी गाईंच्या पाठीवर हात फिरवतच मी मोठी झाले. इकडं आल्यावर लाल कंधारी जातीशी ओळख झाली. नव्या भागात नवी बाई डॉक्टर म्हणून आले, तेव्हा लोक माझ्याकडं जरा संशयानंच बघायचे. ‘म्याडमला बैल धरवंल का’ असं मागं बोललेलं कानावर यायचं. मग कुठल्या तरी गोठ्यात मी खिशातून तो चाकू काढून रुतलेला फास सफाईनं कापला, की चार माणसं पुढं सरकून दावं धरायला लागायची. त्या चाकूनं मला त्या भागात उभं केलं, असं म्हटलं तर फार खोटं होणार नाही.

पण तो काही गोठ्यासाठी बनवलेला नव्हता. धुतल्यावर लगेच पुसला नाही तर पात्यावर गंजाचे ठिपके यायचे. पाण्यानं लाकूड फुगायचं. मुठीच्या खाचेत शेण जाऊन बसायचं आणि ते काडीनं कोरून काढावं लागायचं. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे उघडायला दोन हात लागायचे. पात्यावरच्या बारीक खाचेत नख अडकवून तो ओढायचा. हात ओले असले की नख सटकायचं.

दोन वर्षांपूर्वी त्याच कंपनीनं त्याच चाकूची नवी आवृत्ती काढली. नवऱ्यानं सुट्टीतल्या दुपारी मोबाईलवर तिची परीक्षणं बघून काढली आणि जेवताना मला निकाल सांगितला. पोलाद न गंजणारं आहे. मूठ लाकडाची नाही, कसल्याशा धाग्यांत राळ मुरवून केलेली, खरखरीत. वजन निम्म्याच्या आसपास. पात्याच्या दोन्ही बाजूंना बटणासारखी एकेक बोंडी बसवली आहे, अंगठ्यानं ढकललं की पातं उघडतं, उजव्या हातानं काय आणि डाव्या हातानं काय. ही डावी-उजवी सोय त्याला निव्वळ दिखाऊ वाटली. ‘तू काही डावरी नाहीस,’ तो म्हणाला. ‘सुधारणा आहेत, पण पुरेशा नाहीत. त्या नावाला शोभतील एवढ्या नाहीत.’

मलाही तसंच वाटलं. हातातली चांगली वस्तू टाकून दुसरी कशाला घ्यायची?

त्याच उन्हाळ्यात शाळेला सुट्ट्या होत्या आणि माझी गाडी दुरुस्तीला गेली होती, म्हणून तो मला कंधारकडच्या एका वाडीवर सोडायला आला. तिथं बांधावर बांधलेली एक कालवड घसरून खाली गेली होती आणि दाव्यानं लटकली होती. मी धावत जाऊन डाव्या खांद्यानं तिला खालून रेटलं, म्हणजे फास थोडा सैल राहील. चाकू उजव्या हातात होता, पण दुसरा हात मोकळा नव्हता. शेवटी पात्याची कड दातात धरली आणि मूठ ओढली. पातं उघडलं, दावं कापलं, कालवड खाली बसली आणि थोड्या वेळानं चरायला लागली. माझा ओठ मात्र फाटला होता.

परतताना नवरा गाडी फार हळू चालवत होता. लोह्याच्या अलीकडं त्यानं एका हॉटेलापाशी चहाला थांबवलं. मला चहा पिता येत नव्हता, तरी थांबवलं. महिनाभरात नवा चाकू घरी आला.

‘तुम्हीच म्हणाला होतात ना, सुधारणा पुरेशा नाहीत?’ मी विचारलं.

‘ते कागदावरचं बघून म्हणालो होतो,’ तो म्हणाला.

खरं सांगायचं तर तो चाकू मला आवडला नाही. हलका इतका की खिशात आहे की नाही हे चाचपून बघावं लागे. मिटताना कुठल्यातरी डबीचं झाकण लागल्यासारखा आवाज. नांदेडात जुन्या वस्तीत एक चाचा आहेत, त्यांच्या घरात दोन पिढ्या कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचं काम चालतं. माझा जुना चाकू ते बोलता बोलता दगडावर फिरवून द्यायचे. नवा त्यांनी उलटसुलट केला आणि म्हणाले, पातं लई सख्त आहे, वेळ लागंल, दोन दिवसांनी या. मी तेवढ्यावर नव्याच्या खात्यात एक उणा गुण मांडला. जुना पर्समध्ये आणि नवा पँटच्या खिशात, असे दोन्ही घेऊन मी पावसाळाभर फिरले, आणि हात आपोआप पर्सकडं जायचा.

दिवाळीनंतर लाळ्या-खुरकुताच्या लसी द्यायच्या होत्या. एका गावात शेवटचं घर राहिलं होतं. घरधनी लातूरला बाजाराला गेलेला, त्याची बायकोच गुरं धरत होती. माझ्याच वयाची, अंगानं बारीक, बोलणं तुटक. गाई झाल्या, म्हैस झाली, मग लाल कंधारी गोऱ्हा आला, नुकताच अंगानं भरलेला, ताकदीचा. सुई टोचून मी बाजूला होत होते, तेवढ्यात शेजारच्या छपरावरचा पत्रा वाऱ्यानं आपटला. गोऱ्हा गर्रकन फिरला आणि खुंट्यासकट कासरा उपटून निघाला. फिरताना त्या नायलॉनच्या कासऱ्याचा वेढा माझ्या उजव्या मनगटाभोवती बसला.

मी पडले आणि त्याच्यामागं ओढली गेले. अंगणाच्या टोकाला कडुलिंबाचं झाड होतं. कासरा त्याच्या बुंध्याला अडला, त्यामुळं मी थांबले, पण गोऱ्हा थांबला नाही. तो पलीकडून जोर लावत होता आणि मनगटाभोवतीचा वेढा आवळत होता. बोटं जांभळी व्हायला लागली. पर्स कुठं पडली ते दिसत नव्हतं.

डावा हात खिशात गेला. अंगठ्याला ती बोंडी लागली, मी ढकलली, आणि पातं उघडलं. पण कासरा इतका ताणलेला आणि हलता होता की पातं त्यावर टेकवलं तर मनगटच कापलं जाईल असं वाटलं. मी तशीच थांबले.

तेव्हा ती बाई गोऱ्ह्याच्या पुढं जाऊन उभी राहिली. अगदी शिंगांसमोर. तिनं हात वर केले नाहीत, आरडाओरडाही केला नाही. दोन्ही हात त्याच्या गालांवर ठेवले आणि हलक्या आवाजात बोलत राहिली, ‘थांब की राजा. मी हाय की. कुठं चाल्लास?’ गोऱ्हा एक पाऊल मागं आला. कासरा सैल झाला तसं मी पातं वेढ्याच्या आत सरकवलं आणि बाहेरच्या बाजूला ओढलं. एका ओढीत कासरा तुटला. मनगटावर ओरखडासुद्धा आला नाही.

मी तिथंच झाडाला टेकून बसले. ती गोऱ्ह्याला बांधून आली, माझा हात मांडीवर घेऊन खालून वर चोळत बसली आणि म्हणाली, ‘बोटं हलवा, म्याडम.’ बोटं हलली. ‘हाव, हलायलीत,’ ती म्हणाली आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली.

नांदेडला एक्स-रे काढला. हाड मोडलं नव्हतं, पण मनगट चांगलंच मुरगळलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेढा आणखी थोडा वेळ राहिला असता तर बोटांचं सांगता आलं नसतं. नवऱ्यानं सगळी हकिकत दोनदा ऐकली. मी त्याला म्हणाले, तुमचा चाकू नसता तर हात गेला असता. त्यानं नवा चाकू उघडून पातं बघितलं. मग म्हणाला, ‘चाकू नुसता उघडला. कापायला जागा त्या बाईनं करून दिली.’ ज्या माणसानं पोलादाच्या अभ्यासात इतकी वर्षं घातली, त्याच्या तोंडून हे ऐकून माझे डोळे भरून आले.

पट्टीच्या दिवसांत तो माझ्यासाठी पोळीचे तुकडे करून द्यायचा, केस बांधून द्यायचा, तेही वाकडेतिकडे. एका रविवारी एसटीनं ती बाई आली, नवऱ्याला घेऊन. सोबत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. तिच्या मनाला लागून राहिलं होतं की आपल्या गोठ्यात असं झालं. मी म्हणाले, तुमच्या गोठ्यात झालं म्हणूनच वाचले. तिला ते पटलं नाही, पण ती हसली. माझ्या नवऱ्यानं तिला नवा चाकू दाखवला, बोंडी कशी ढकलायची ते समजावलं. तिनं तो एकदा उघडला, मिटला, आणि सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाईंनी त्यानं सगळ्यांसाठी पेरू कापले.

आता तो चाकू माझ्या खिशात असतो. त्याचा आवाज अजूनही आवडत नाही, चाचा अजूनही दोन दिवस मागतात. सुधारणा पुरेशा आहेत का असं कुणी विचारलं तर मी हो म्हणते, आणि एवढं उत्तर थोडं अपुरं आहे हेही मला कळतं. मागच्या हंगामात मी पुन्हा त्या गावात गेले. गोऱ्ह्याचा आता बैल झालाय, औताला चालतो. ती त्याच्या तोंडाशी उभी राहिली, मला म्हणाली, ‘ह्या अंगानं या, म्याडम, वारं तिकडून हाय.’ ती सांगेल त्या बाजूनं मी गेले, लस दिली, आणि मग तिच्या चुलीपुढं बसून चहा प्यायले.