पहिलं माप भागूचं

बाय गेल्याचं मला महाडात कळलं. भावाकडे चार दिवस माहेरपणाला आले होते. सकाळी आमच्या वाडीतला एक गडी बाजाराला आला तो परस्पर भावाच्या दारात येऊन उभा राहिला. डोक्याचं मुंडासं त्यानं हातात घेतलं होतं. "वैनी, भागूबाय गेली गो. ताप हुता, पन असं काय व्हईल आसं वाटलं नाय," एवढंच तो बोलला. मी तशीच निघाले. नाते गावाच्या रस्त्यानं चालताना ओळखीच्या तिघीचौघी भेटल्या, आणि रडता रडता प्रत्येकीनं काही ना काही सांगितलं. एक म्हणाली, माझी तांदूळ धुवायची रोवळी तिनंच बुरुडाकडून निवडून दिली. दुसरी म्हणाली, माझ्या सुनेला गाडगं कसं बघून घ्यायचं ते तिनं शिकवलं. मला रडूही येत होतं आणि ऊरही भरून येत होता. रोवळ्या-गाडग्यांवरून आठवण काढावी अशी बाई आमच्या घरातली होती, याचा मला तेव्हाही अभिमान वाटला आणि आता महिना उलटल्यावरही वाटतो.

भागीरथी ही माझी थोरली जाऊ. वाडीत ती भागू, आणि मी तिला बाय म्हणत असे. वर्तमानपत्राच्या या पुरवणीत पुष्कळदा गेलेल्या माणसाच्या नम्रपणाविषयी लिहून येतं. बायविषयी तसं लिहिता येणार नाही, कारण नम्रपणा तिच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. आपलं खरं असलं की ती कमरेवर हात देऊन उभी राही आणि समोरचा मुकाट्यानं निघून जाईपर्यंत हलत नसे. मी शाळामास्तरांची मुलगी, पुस्तकं वाचणारी. माझ्या वाचनाचं तिला भारी कौतुक होतं, पण मी आमटीत मीठ टाकताना ती मागं उभी असेच.

आमची ओळख झाली ती माझ्या लग्नात, आणि तीही फार वाईट प्रसंगानं. मोठी लढाई संपून थोडे दिवस झाले होते. आमच्या वाडीत लग्नाचं जेवण म्हणजे वालाचं बिरडं. कडवे वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे, आणि खोबरं, आमसूल, गूळ घालून शिजवायचे. एका घरानं एवढे वाल भिजवणं शक्य नसतं, म्हणून लग्नघरचे वाल पायलीनं मोजून घरोघर वाटतात. जो तो आपल्या घरी भिजवून मोड आणतो, आणि आदल्या दिवशी सगळे वाल एका जागी ओतून बायका सोलायला बसतात. पहिलं माप लग्नघरच्या बाईचं, तो तिचा मान. आणि लग्नाचे वाल पितळेत भिजायचे, हाही मान. मातीचं गाडगं रोजच्याला. लग्नाला ते काढलं तर लोक नाक मुरडत. माझ्या लग्नात बायचं पहिलं माप भिजलं ते सोनाकाकीच्या तपेल्यात. सोनाकाकी म्हणजे गावकाराची, वाडीच्या पुढाऱ्याची बायको, वाडीतल्या प्रत्येक लग्नाची कारभारीण. तिचं ते पितळेचं मोठं तपेलं बाहेरून चिंच-राखेनं असं घासलेलं असे की त्यात तोंड दिसावं. लग्नघराला ते ती आपण होऊन द्यायची.

त्या दिवशी पंगत उठायच्या आत लोकांना मळमळायला लागलं. दोघे-चौघे आंब्याखाली जाऊन ओकले. बिरडं हिरवट झालं होतं, त्याला एक विचित्र तुरट वास होता... मी हळदीच्या अंगानं माजघरात बसले होते आणि बाहेरची कुजबूज मला ऐकू येत होती. कुणीतरी म्हणालं, नव्या नवरीचा पायगुण. पायगुणाचा शिक्का एकदा बसला की तो जन्मभर पुसत नाही, हे मला त्या वयातही ठाऊक होतं. तेवढ्यात बाहेरून मोठा आवाज आला. "वाल मी भिजवलं. हात माझा हुता. पोरीचा पाय मदी आनू नका." ती बाय होती. यशोदा, तिची मुलगी, तेव्हा तिच्या कडेवर होती.

त्या एका वाक्यानं मी सुटले आणि ती अडकली. "भागूच्या हाताला वाल लागत नाय," असं वाडीत ठरून गेलं. पुढच्या लग्नात वालाचं माप आमच्या दारावरून शेजारी गेलं, त्याच्या पुढच्यातही तसंच. आमच्या वाडीत वालाचं माप न मिळणं म्हणजे लग्नाच्या घरकामात तुमची जागा नाही. बाय अंगणात उभी राहून माप नेणाऱ्या बायकांकडे बघत असे आणि मग आत येऊन विनाकारण चुलीवर ओरडत असे. तिला एकच गोष्ट हवी होती. यशोदाच्या लग्नात पहिलं माप आपल्या हातानं भिजावं, आणि ते कुणी हिसकावून घेऊ नये.

खोट हातात नाही, भांड्यात आहे, असा तिला संशय होता. पण संशयावर बोलणारी ती नव्हती. तिनं घरातली आणि शेजारची भांडी एकेक करून तपासायला घेतली. मूठभर वाल या भांड्यात, मूठभर त्या, आणि सगळ्यांची चव घ्यायला मी! कल्हई उडालेल्या पितळी वाटीत भिजवलेल्या वालांना तोच तुरट वास आला, तेव्हा ती माझ्याकडे बघून नुसती हसली. पण "पितळ नको" एवढ्यानं तिचं भागेना. मग काय हवं, ते तिला शोधायचं होतं, आणि तेही कुणालाही परवडेल असं. सुकट ठेवलेल्या मडक्यातल्या मोडांना सुकटीचा वास यायचा, लोणच्याच्या बरणीतल्यांना खाराचा. कडू भोपळ्याचं भांडं तिनं पहिल्याच दिवशी परड्यात भिरकावलं. सागाच्या पानात गुंडाळले तर वाल लाल झाले, ते बघून ती म्हणाली, "ह्यांनी इडा खाल्ला काय गो?" तांबड्या लुगड्याच्या फडक्यात बांधले तर लुगड्याचा रंग उतरला. ओल्या बांबूच्या नव्या रोवळीत बुरशी धरली. नारळाची करवंटी उत्तम, पण एका करवंटीत किती माणसं जेवणार!

मोठे भावोजी, म्हणजे बायचे यजमान, मुंबईला गिरणीत होते. शिमग्याला ते आगबोटीनं आणि पुढं होडीनं दासगावला उतरून घरी येत. एकदा त्यांनी घासलेटचे दोन रिकामे डबे आणले, वरचं तोंड कापून, कडा ठोकून, कडी बसवून. डबे फुकटचे, आणि दिसायला चकचकीत. "घे, आता भिजव काय भिजवायचं ते. मुंबईत सगळे असंच वापरतात," ते मोठ्या ऐटीत म्हणाले. बायनं डबा राखेनं घासला, उन्हात ठेवला, पुन्हा घासला, मग त्यात नाक घालून म्हणाली, "दिवा लावायचा आसंल तर बरा हाय." एका डब्यात तिनं तुळस लावली आणि दुसऱ्यात शेणी भरल्या. भावोजी दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी तेच तुळशीला पाणी घालताना दिसले.

शेवटी तिचं ठरलं. भिजवायला मातीचं साधं गाडगं, ज्यात पाण्याखेरीज कधी काही ठेवलेलं नाही असं. मोड आणायला जुनी रोवळी, जिच्यात पावसाळाभर तांदूळ धुऊन बांबूचा ओला वास गेला आहे. तिच्यात जुन्या धोतराचं पांढरं फडकं, धुऊन धुऊन विरत आलेलं. खाली दोन दगड, म्हणजे पाणी निथळतं आणि खालून वारा लागतो. यातली एकही वस्तू गरिबाच्या घरात नाही असं होत नाही, आणि हाच तिचा सगळ्यात मोठा गर्व होता. भांडं कसं ओळखायचं असं कुणी विचारलं तर ती सांगे, "रातभर त्यात पानी ठेव. सकाळी पोराला पाजशील का इचार. पाजशील तर भिजव." इतकं सोपं सांगणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

यशोदाचं लग्न ठरलं ते आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या, पोलादपूरकडच्या एका गावात. घर चांगलं, वराकडची माणसं भरपूर. वाल मोजायच्या दिवशी सोनाकाकी आमच्या पडवीत येऊन बसली आणि म्हणाली, "भागू, पयलं माप तुझ्या जावंला देऊ. तू मदी पडू नको." बायनं कमरेवर हात दिले. "आई मी हाय. माप माझं." मग सोनाकाकी थोडी नरमली आणि म्हणाली, बरं, पण भिजवायचं तपेल्यातच, लग्नाचे वाल कुणी गाडग्यात घालतं का... आणि तिनं माणूस पाठवून तेच पितळेचं तपेलं आणवलं. बाहेरून तसंच झळझळीत. बायनं आत वाकून बघितलं. तिचा चेहरा मला दिसला. आतून कल्हई पार गेली होती.

बाय भांडली नाही. एवढंच म्हणाली, "काकी, मूठभर तुमच्या तपेल्यात, मूठभर माझ्या गाडग्यात. उद्या तुम्हीच बघा, आन् तुम्ही म्हनाल त्यात भिजवू." दुसऱ्या दिवशी वाडीतल्या बायका आमच्या पडवीत जमल्या. गाडग्यातलं पाणी तांबूस, रोजच्यासारखं. तपेल्याच्या कडेला हिरवट फेस आला होता. सोनाकाकीनं वाकून वास घेतला आणि ती तशीच वाकलेली राहिली. "ह्यो वास मी घेतलाय," ती हळूच म्हणाली. "तुझ्या दिराच्या लग्नात... तवा तपेलं माझंच हुतं."

"व्हय," बाय म्हणाली.

"तुला ठावं हुतं?"

"ठावं झालं मागनं."

"मग बोलली का नायस गो? इतकी वर्सं?"

"तुमचं तपेलं वाडीच्या दर लग्नात जातं. मी बोलले आसते तर तुमच्या दारात कोन आलं आसतं? मी कल्हईवाल्याला बोलवीत हुते दर साली. औंदा तो काय आला नाय."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लग्नसराईच्या आधी दर वर्षी महाडचा कल्हईवाला आमच्या वाडीपर्यंत चढून येई, आणि बाय त्याला पोटभर जेवू घाली, वर पडवळ-काकड्या बांधून देई. एवढं अगत्य कशाला, असं मला नेहमी वाटायचं. आमच्या घरात कल्हई करण्याजोगी भांडी होती तरी किती? तो आला की सगळ्या वाडीची पितळ त्याच्यापुढं जाई, आणि सोनाकाकीचं तपेलंही. ज्या भांड्यानं तिचं नाव घालवलं, ते भांडं पुन्हा कुणाला बाधू नये म्हणून ती इतकी वर्षं खपत होती, आणि तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. बोलकी, भांडखोर, गर्विष्ठ बाई! पण जिथं बोलल्यावर दुसऱ्याची मान खाली गेली असती तिथं तिनं दातावर दात घट्ट धरले. मी हे लिहिताना माझी मान वर आहे, ती या गोष्टीमुळे.

सोनाकाकीनं तपेलं स्वतः उचलून बाजूला ठेवलं. मग पायली भरली आणि बायच्या गाडग्यात ओतली, आणि बाकीच्या बायकांना म्हणाली, "घरोघर गाडगी काढा. कोन नाक मुरडंल त्याचं मी बघते." यशोदाच्या लग्नात वराकडच्या मंडळींनी बिरडं मागून मागून खाल्लं. नवऱ्या मुलाच्या आजोबांनी विचारलं, वाल कुणी भिजवले? तेव्हा आमच्या भावोजींच्याही आधी सोनाकाकीच पुढं झाली आणि म्हणाली, "आमच्या भागूनं." बाय आत चुलीपाशी होती. तिनं ऐकलं, पण बाहेर आली नाही. डोळ्यांत धूर गेला, असं ती मला म्हणाली. त्या चुलीत तेव्हा नुसते निखारे होते.

त्यानंतर वाडीत कुणाचंही लग्न असो, लग्नघरची बाई आपलं पहिलं माप आपणहून बायकडे आणून देऊ लागली. मान लग्नघरचा, पण हात भागूचा, असं होऊन गेलं.

गेल्या आठवड्यात वाडीत एक लग्न निघालं. बाय गेल्यानंतरचं हे पहिलंच. वाल मोजायला बायका जमल्या आणि सगळ्या अडल्या. पहिलं माप आता कुणाकडे, हे विचारायचं कुणाला धाडस होईना. मी घरात होते. बायच्या रोवळ्या पडवीच्या भिंतीला उपड्या टांगलेल्या आहेत. त्यांच्याकडे मी बघतही नव्हते. सोनाकाकी आता फार थकली आहे, काठी टेकत चालते. ती दारात आली, तिच्यामागं एक बाई पायली घेऊन उभी होती. काकीनं माझ्याकडे न बघताच भिंतीवरच्या रोवळीवर हात फिरवला आणि म्हणाली, "हितंच ओता गो. माप भागूचं हाय."

मी गाडगं पुढं केलं.