चार वर्सं उशिरा नेलेली भाकर

आमच्या छबुकाकूला गावात कोनी नावानं हाक मारत नव्हतं. सचिवबाई म्हनायचे. वडवणीपासून आत माळावर आमचं गाव. तिथं बायांची दूध संस्था निघाली तवा सातवी शिकलेली ही एकटीच सून व्हती, म्हनून सचिवपद तिच्या गळ्यात पडलं. ते तिनं सतरा वर्सं वागवलं. तांबडं फुटायच्या आत खोलीचं कुलूप काढायचं, बाया आल्या की दूध मापात वतायचं, बोट बुडवून जिभंला लावायचं, अन् मंगच फॅट मोजायच्या मशीनीत घालायचं. मशीन काय सांगंल ते ती आदीच सांगायची. एकदा वत्सलाबाईचं दूध चाखून म्हनली, रात्री म्हशीला सरकी घातली न्हाईस, भांडन झालं का घरात. झालं व्हतं.

वत्सलाबाई अन् चतुराबाई ह्या दोघी तिच्या मैतरनी. तिघी एकाच वर्सी लग्न होऊन गावात आलेल्या. वत्सलाबाई तोंडानं लई फटकळ, तिच्या नादाला सरपंच बी लागत नसे. चतुराबाई म्हंजी गरीब गाय. माहेर चकलांब्याचं, पन माहेरात भाऊ म्हाळू तेवढा एकच व्हता, त्यो बी मरून गेलता. छबुकाकू अन् ती तर एका ताटात जेवायच्या. एकीच्या घरी कालवन झालं की वाटी दुसरीच्या घरी जायची, ती वाटी रिकामी कवाच परत यायची न्हाई.

दुष्काळाचं दुसरं साल व्हतं. इहिरी आटल्या, अर्ध्या गावाची जनावरं छावनीत गेली. तरी काकूनं संस्था बंद पडू दिली न्हाई. दूध कमी का असंना, रोज वडवणीला गेलंच पायजे. ते न्यायचा उत्तरेश्वर, चतुराबाईचा एकुलता एक. मोटारसायकलीला दोन्ही अंगाला कॅन बांधून जायचा. वीस वर्साचं पोरगं, हसरं, काकूला मावशी म्हनायचं.

त्या दिवशी कॅन धुवायला पानी नव्हतं. कॅनाला वास आला की सगळं दूध परत पाठवतेत. टँकर नुकताच इहिरीत पानी सोडून गेलता. काकू म्हनली, उत्तऱ्या, पळ, गर्दी व्हायच्या आत दोन घागरी काढून आन. त्यो गेला. गर्दी आदीच झालती. काठ सगळा ओला, चाळीस दोर एकमेकात गुतलेले. पाय कसा सरकला कुनाला कळलं न्हाई. इहीर लई खोल अन् पानी गुडघाभर.

आमच्याकडं ज्या घरात मयत झालं तिथं चूल पेटत न्हाई. माती देऊन मानसं परत आली की शेजारपाजारचं, सोयरंधायरं कोनीतरी भाकरी करून आनतंय, अन् जबरदस्तीनं घास खायला लावतंय. कडू भाकर म्हनतेत तिला. त्या घासानं मानूस परत जगायला लागतंय असं मोठी मानसं सांगतेत. मंग दिवस झाल्यावर माहेरचं कोनी येऊन तोंड गोड करतं, अन् दुखवटा संपतो.

चतुराबाईच्या घरी कडू भाकर गेलीच न्हाई. भावकीशी बांधावरून बोलनं बंद व्हतं. बाकीच्या गावाला वाटलं, छबुबाई असताना आपन कशाला मदी पडायचं, तिचाच मान हाय. वत्सलाबाईला बी तसंच वाटलं. अन् छबुकाकू घरात बसून. चतुराबाई अन् तिचा मालक मुंजाजी उपाशी बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी वत्सलाबाई सहज गेली तवा तिला चूल थंड दिसली, ताट कुठं दिसंना, तवा कळलं. तिनं पळत जाऊन वरनभात आनला. पन चतुराबाई म्हनली, आता राहू दे, आता भूक मेली.

काकूनं त्या दिवशी भाकरी केल्या न्हाईत असं न्हाई. पाच केलत्या. फडक्यात बांधून ती दोघींच्या घरामधल्या लिंबापर्यंत गेलती. तिथून चतुराबाईचं रडनं ऐकू आलं. ज्या पोराला आपन पान्याला पाठवलं, त्याच्या आईला आपन कोनत्या हातानं घास भरवायचा. ती तिथूनच माघारी फिरली अन् त्या पाच भाकरी म्हशीफुडं टाकल्या. हे तिनं लई दिवस कुनाला सांगितलं न्हाई.

चतुराबाईनं तिला कवा एका शब्दानं बोललं न्हाई. मालक म्हनला दूध दुसरीकडं घालू, तर ती म्हनली संस्थेतच घालायचं. रोज पहाटं येऊन रांगेत हुबी राहायची. काकू बोट बुडवायची, आकडा सांगायची, ती मान हलवून जायची. तेवढंच. वाटी बंद झाली. चतुराबाई चहा बिनसाखरंचा प्यायला लागली. लग्नाकार्यात गेली तरी पंगतीत बसायची न्हाई, मांडवाच्या भाइर लेकरं सांभाळत बसायची. माहेरचं कोनी उरलं नव्हतं, तोंड गोड कोन करनार. दिवसाची वर्सं झाली, चार.

चौथ्या वर्सी बी दुष्काळच व्हता. पन संस्थेचं दूध एकदाबी परत आलं नव्हतं, म्हनून औरंगाबादला बायांच्या संस्थांचा सत्कार ठेवला त्यात आमच्या गावाचं नाव निघालं. सचिव अन् दोन सभासद यावेत असा कागद आला. काकूनं वत्सलाबाईचं अन् चतुराबाईचं नाव दिलं. चतुराबाई न्हाई म्हनंल असं सगळ्यांना वाटलं, पन आली. रोजचं मळकं लुगडं नेसून आली, सनावाराला नेसायचं न्हवं.

सत्कार झाला, हार, शाल, फोटू. तिथल्या साहेबानं सांगितलं, तुमचं जेवन मोठ्या हाटेलात ठेवलंय, गाडी सोडंल. हातात चिठ्ठी दिली. हाटेल म्हंजी काचंचं. वर जायला लिफ्ट. आत ऊन बी न्हाई, गरमी बी न्हाई, मानसं कानात बोलल्यावानी बोलत बसलेली. टेबलावर पांढरंशुभ्र कापड, अन् रुमाल असे घडी घालून हुबे केलते की वत्सलाबाई म्हनली, मोडायचं जिवावर येतंय बाई, कुनीतरी तासभर बसून केलं असनार. तिनं आपला रुमाल जसाच्या तसा उचलून बाजूच्या खुर्चीत बसवला. म्हनली, बस बाई तू बी, तुलाबी आमच्यासंगं सत्कार.

काळा कोट घातलेला एक वाढपी आला. वयस्कर, केस पिकलेला. पानी वतलं. घोटभर पिलं की परत येऊन गिलास भरायचा. तिसऱ्या खेपंला काकूनं गिलासावर हात ठेवला अन् म्हनली, दादा, मागितल्यावर द्या.

ताट ठरलेलंच व्हतं. पयल्यांदा वाटीत पातळ गरम काहीतरी आलं. मंग जाळावर भाजलेलं पनीर, धूर निघत असलेलं. छोट्या छोट्या रोट्या टोपलीत. वत्सलाबाई खायला लागली, नावं ठेवत खायला लागली. चतुराबाई हात मांडीवर ठेवून बसली. म्हनली, तुमी जेवा, मला भूक न्हाई.

काकूला हे ठाव व्हतं. म्हनूनच ती पहाटं तीन वाजता उठलती.

तिच्या पिशवीत सत्काराची शाल व्हती, त्याच्या खाली फडक्यात गाठोडं. गावात चतुराबाईच्या दारात जायची तिची छाती झाली नव्हती चार वर्सं. तिथं गेलं अन् तिनं दार लावलं तर गाव बघनार. इथं कोनी वळखीचं न्हाई. अन् चतुराबाई उठून गेली तरी जाईल कुठं, तिला लिफ्ट चालवता येत नव्हती. एवढं सगळं काकूनं मनात ठरवलं व्हतं.

तिनं त्या पांढऱ्या कापडावर फडकं सोडलं. ज्वारीची भाकर, पिठलं, मीठ. भाकर वाळून कडक झालती, कडा वर वळलेल्या. पनीराची ताटली तिनं बाजूला सारली अन् भाकर चतुराबाईफुडं ठेवली.

वत्सलाबाईनं खायचं थांबवलं. तिला एका नजरंत कळलं. चतुराबाईला बी कळलं असनार, पन ती नुसती भाकरीकडं बघत राहिली.

वाढपी लगालगा आला. लई अदबीनं सांगितलं, म्याडम, भाइरचं खायला इथं परवानगी न्हाई. वत्सलाबाई त्याच्याकडं वळली. हळूच म्हनली, हिच्या घरी मयत झालंय, दादा. कडू भाकर हाय ही.

त्यो जरा कचरला. इचारलं, कवा झालं.

"चार वर्सं झाली," वत्सलाबाई म्हनली.

त्यानं तिघींच्या तोंडाकडं बघितलं. मंग गेला अन् एक मोकळी स्टीलची ताटली घेऊन आला, तसल्या हाटेलात स्टीलची ताटली कुठं सापडली त्यालाच ठाव. भाकरीखाली सारली अन् पाठ करून टेबलाला आडोसा धरून हुबा राहिला, जेनेकरून दुसऱ्या लोकास्नी दिसू नये.

काकूनं भाकर मोडली. वाळल्यामुळं मोठ्यानं वाजली. पिठलं लावून घास केला अन् हात फुडं केला, पन तोंडापर्यंत नेला न्हाई, मधीच थांबला.

"मी आलते त्या दिवशी," काकू म्हनली. "लिंबापर्यंत आलते. फुडं पाय उचलला न्हाई. मीच पाठवलं त्याला, चतुरे."

 चतुराबाई बोलली ते एवढ्या शांतपनानं बोलली की वत्सलाबाई म्हनायची, मला वाटलं भाव सांगाय लागली का काय दुधाचा.

"आली असतीस तर मी तुज्या थोबाडीत मारली असती," ती म्हनली. "अन् मंग जेवले असते. मी वाट बघत व्हते, छबे. पोरगं गेलं ते गेलंच, पन तू बी त्याच दिवशी गेलीस."

काकूनं मान खाली घातली न्हाई. गाल फुडं केला. खरंच केला, त्या काचंच्या हाटेलात, सगळ्यांदेखत. म्हनली, मार आता.

चतुराबाईनं हात उचलला. त्यो हात काकूच्या गालावर नुसता टेकला अन् तिथंच राहिला. मंग तिनं काकूचं मनगट धरलं, घास आपल्या तोंडाकडं वढला अन् खाल्ला. वाळकी भाकर, चावायला लई येळ लागला. डोळ्यातनं पानी चाललंय अन् चावतीय. पानी पी म्हनून वत्सलाबाईनं गिलास दिला. पयल्यांदा त्या दिवशी गिलास पुरा रिकामा झाला.

तिनं अर्धी भाकर खाल्ली. उरलेली अर्धी काकूला खायला लावली. आपल्याच हातानं.

शेवटाला वाढप्यानं मातीच्या तीन कुल्लडात रबडी आनली. दोन कुल्लडं काकू अन् वत्सलाबाईफुडं ठेवली, तिसरं हातात धरून हुबा राहिला, ठेवावं का न ठेवावं. काकू म्हनली, ठेवा. अन् चतुराबाईला म्हनली, तुजं माहेर नसंल तर मला माहेरची समज. चमचा भरून तिच्या तोंडाला लावला.

चतुराबाईनं जिभंवर घोळवली. चार वर्सांनी गोड. काकू अन् वत्सलाबाई तिच्या तोंडाकडं बघत बसल्या.

"भुकटीचं दूध हाय," चतुराबाई म्हनली.

काकूनं आपल्या कुल्लडात बोट बुडवलं, जिभंला लावलं, अन् म्हनली खरंय. वत्सलाबाई हसायला लागली ती थांबंनाच, तोंडावर त्योच घडीचा रुमाल दाबून हसली. मोडला एकदाचा. भुकटीची असली तरी चतुराबाईनं कुल्लड पुसून खाल्लं. जाताना ती स्टीलची ताटली तिनं गिलासातल्या पान्यानं धुवून वाढप्याच्या हातात दिली. त्यानं दोन्ही हातानं घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटं संस्थेत चतुराबाई दुधासंगं एक वाटी घेऊन आलती. शेंगाची आमटी व्हती. संध्याकाळी त्या वाटीत काकूनं दही पाठवलं.

त्याच्यानंतर काकू सात वर्सं जगली. शेवटपर्यंत सचिवच व्हती. परवाच्या माघात पहाटं संस्थेचं कुलूप काढता काढता उंबऱ्यातच बसली, ती उठलीच न्हाई. किल्ली हातात व्हती. रांगेत पयली चतुराबाई व्हती. तिनं काकूचं डोकं मांडीवर घेतलं, अन् वत्सलाबाईला म्हनली दूध मापायला घे, नासायच्या आत.

माती देऊन मानसं परत आली. गहिनीनाथ, काकूचा पोरगा, अंगनात भिताडाला टेकून बसलता, कुनाशी बोलत नव्हता. अजून लोकांचे पाय बी धुवून झाले नव्हते, तवर चतुराबाई दारातनं आत आली. लिंबापाशी थांबली न्हाई, कुठंच थांबली न्हाई. आता तिला गुडघ्यानं चालवत न्हाई, तरी पदराखाली ताट धरून भराभरा आली. गहिनीनाथाच्या फुडं बसली. त्यो म्हनला, मावशी, घास जात न्हाई. ती म्हनली, मला ठाव हाय जात न्हाई, तरी आ कर.

भाकरीतनं अजून वाफ निघत व्हती.