चौकीला चूल नव्हती

“बाई, काचपट्टीत फॅल्सिपेरम निघाला आहे. यांचा मलेरिया मेंदूत गेला आहे,” डॉक्टर म्हणाले. मी शिक्षिका आहे हे त्यांना कळले होते. त्यामुळेच असेल, त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवले. रक्ताच्या फिकट गोल पेशींमध्ये बारीक बारीक अंगठ्या दिसत होत्या. एकेका पेशीत दोन-दोन. मी पाहत राहिले. माझ्यामागे सात हातांवर खाटेवर माझे यजमान, पोलीस हवालदार देवराव, डोळे अर्धवट उघडे ठेवून बेशुद्ध पडले होते.

ज्यांच्या घरी हा प्रसंग येईल त्यांच्यासाठी सोप्या शब्दांत सांगते. आपल्याकडे मलेरियाचे दोन प्रकार नेहमी आढळतात. एक माणसाला दिवसाआड थंडी वाजवून थकवतो. दुसरा, म्हणजे फॅल्सिपेरम, बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकून बसतो. तो मेंदूतल्या वाहिन्यांमध्ये अडकला की माणूस बरळतो, आकडी येते आणि मग शुद्ध हरपते. यालाच सेरेब्रल मलेरिया म्हणतात. त्यावर औषध आहे. पण ते वेळेवर आणि पूर्ण मिळाले पाहिजे. ‘पूर्ण’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. माझी चूक याच शब्दापाशी झाली.

यजमानांची नेमणूक रस्ता गस्तीवर होती. मूल गावाहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जंगलाच्या कडेला, पत्र्याची एक चौकी होती. तिथे पाच माणसे पाळीपाळीने राहत. एक जीप होती, ती निम्मे दिवस दुरुस्तीत असे. जादा माल भरलेले ट्रक थांबवायचे, उलटलेल्या गाड्यांतली माणसे बाहेर काढायची, जखमींना रुग्णालयात पोहोचवायचे, असे ते काम. धानाच्या दिवसांत बैलगाड्या अंधार पडेपर्यंत रस्त्यावर असत आणि मागून येणाऱ्या ट्रकला त्या दिसत नसत. म्हणून यजमानांनी सायकलचे जुने लाल दिवे जमवून कित्येक गाड्यांना स्वतःच्या हाताने ठोकून दिले होते. आदल्या वर्षी नाल्यात पडलेल्या बसमधून त्यांनी माणसे काढली, तेव्हा प्रजासत्ताकदिनी त्यांना शाल व श्रीफळ मिळाले. टाळ्या वाजल्या. त्या सत्काराचा मला अभिमान होता, आणि आजही आहे. पण शाल पांघरली तरी हुडहुडी थांबत नाही, एवढे मी पुढे शिकले.

आता माझी चूक.

आमच्या गावच्या शाळेत तापाच्या गोळ्यांचा सरकारी डबा माझ्याकडे असे. पद्धत ठरलेली होती. ताप आलेला माणूस आला की आधी बोट टोचून रक्त काचपट्टीवर घ्यायचे, मग प्रौढास क्लोरोक्विनच्या चार गोळ्या, आणि त्या आपल्यासमोर गिळायला लावायच्या. काचपट्टी तपासायला पाठवायची. हा नियम मी कधी मोडला नाही. पुडी घरी नेतो म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांनाही मी पाण्याचा लोटा हातात देऊन माझ्यासमोर उभे करत असे.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी यजमानांचा रिकामा डबा एस.टी.तून परत आला. आम्हा बायकांची ती रीतच होती: सकाळी डबा कंडक्टरच्या हाती द्यायचा, तो चौकीवर उतरवून देई आणि परतीच्या गाडीने रिकामा आणी. चौकीत स्वयंपाकाला मनाई होती. तसा आदेशच भिंतीवर टांगलेला होता. रिकाम्या डब्यात चिठ्ठी होती: “ताप आहे. गोळ्या धाड.”

मी चार गोळ्या कागदात बांधून दुसऱ्या दिवशीच्या भातावर ठेवल्या. बोट टोचले नाही, काचपट्टी नाही, समोर गिळणे नाही. नवऱ्याच्या बाबतीत कसली नोंद, असे मनात आले. साऱ्या गावाला लावलेला नियम मी आपल्या घराला लावला नाही.

त्या दिवशी चौकीत शिपाई गेडामभाऊंनाही ताप होता. यजमानांनी चार गोळ्यांचे दोन भाग केले. अर्धी भाकर द्यावी तशा दोन गोळ्या त्यांना दिल्या आणि दोन स्वतः घेतल्या. दोघांचाही ताप उतरला. दोघेही कामावर उभे राहिले. अर्ध्या औषधाने जंतू दबतो, मरत नाही. पाचव्या दिवशी लाकडाचा ट्रक थांबवायला यजमानांनी हात वर केला आणि तसेच खाली कोसळले.

जीप दुरुस्तीत होती. त्याच ट्रकात, लाकडांवर घोंगडी अंथरून, गेडामभाऊंनी त्यांना जिल्ह्याच्या रुग्णालयात आणले. मला निरोप दुपारच्या गाडीने आला. मी वर्ग अर्ध्यावर सोडला.

पहिला दिवस: क्विनाइन सुरू झाले. सिंकोनाच्या सालीपासून निघणारे हे कडू औषध सलाईनमधून अगदी हळू द्यावे लागते. घाईने दिले तर हृदयाला अपाय होतो. त्याने रक्तातली साखरही उतरते, म्हणून ग्लुकोज सोबत द्यावे लागते. डॉक्टरांनी मला थेंब मोजायला शिकवले. मी मोजत बसले.

दुसरा दिवस: पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासले, मेंदूज्वर नाही ना हे पाहण्यासाठी. नव्हता. लघवी किती होते ते मापून लिहायचे काम माझ्याकडे. दुपारी आकडी आली. नर्सबाईंनी चटकन कुशीवर वळवले. आकडी आलेल्या माणसाच्या तोंडात चमचा घालू नये, हेही मी तेव्हाच शिकले.

तिसऱ्या दिवशी यजमानांचे वरिष्ठ अधिकारी आले. सोबत संत्र्यांची पिशवी होती. बेशुद्ध माणसाकरिता संत्री. मी त्यांना विचारले, “साहेब, हा आजार कामावर असताना झाला, तशी नोंद कराल ना? आणि चौकीत औषध फवारायला लावाल ना?”

ते शांतपणे म्हणाले, “बाई, ट्रकने उडवले असते तर मी वरपर्यंत लिहिले असते. ताप तर सगळ्यांनाच येतो. डास चौकीतलाच होता याला पुरावा काय?”

मी एकवीस वर्षे मुलांना शिकवले आहे. इतका रीतसर वाईट प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटले, “माणूस तुमचा, चौकी तुमची, रस्ता तुमचा. फक्त आजार तेवढा आमचा काय?” ते उठले. संत्री खाटेखाली ठेवून गेले.

मला सर्वांत जास्त कशाचा संताप आला, ते नेमके सांगते. ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनीच सत्काराच्या दिवशी यजमानांच्या खांद्यावर शाल घातली होती. रक्त सांडले तर तो त्यांच्या लेखी त्याग होता. रक्तात जंतू शिरले तर ती घरगुती बाब होती.

चौथ्या दिवशी सकाळी यजमानांनी डोळे उघडले. मला ओळखले की नाही ते कळले नाही. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

“त्या ट्रकाचे कागद पाहिले काय?”

गेडामभाऊ पायथ्याशी उभे होते. ते रडता रडता हसू लागले. “भाऊ, त्याच ट्रकात तुमाले आनलं ना! कागद कोन पाह्यते?”

“जास्त माल होता त्याच्यात,” यजमान म्हणाले.

“होता. त्याच्यावर अजून तुमी चढले.”

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले.

अकराव्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतले. “कानात घुमत राहील काही दिवस, तो क्विनाइनचा परिणाम आहे. पण दुसरी गोष्ट नीट ऐका. हे आता अशक्त आहेत. ती जागा फवारल्याशिवाय यांना तिथे झोपू देऊ नका. पुन्हा असा झटका आला तर माझ्या हातात राहणार नाही.”

मी बदलीचा अर्ज लिहिला, सुवाच्य अक्षरात, मुद्दे क्रमांक घालून. उत्तर आले: जागा रिक्त नाही, रजा संपताच त्याच चौकीत हजर व्हावे. रजा संपायला सोळा दिवस होते.

मग मी पुरावा गोळा करायला निघाले. रविवारी काचपट्ट्यांची पेटी घेऊन एस.टी.ने चौकीवर उतरले. तिथे असलेल्या चौघांची बोटे टोचली. गेडामभाऊ बोट मागे घेऊन म्हणाले, “बाई, मले काऊन? मी त बरा हाओ.”

“तुम्ही अर्धे बरे आहात,” मी म्हटले. “आणा बोट.”

चौघांपैकी दोघांच्या रक्तात जंतू निघाले. एक गेडामभाऊ. या वेळी मी गोळ्या पुऱ्या, माझ्यासमोर, गिळायला लावल्या. शिक्षेवर उभ्या केलेल्या मुलासारखे तोंड करून त्यांनी त्या गिळल्या.

काचपट्ट्यांचे निकाल घेऊन मी मलेरियाच्या फवारणी पर्यवेक्षकांकडे गेले. थकलेले, पायी हिंडून वाळलेले गृहस्थ होते. त्यांनी माझे ऐकले, यादी उघडली आणि बोट फिरवत म्हणाले, “बाई, या रस्त्यावर चौकीचा नंबरच नाई.”

“काऊन नाई?” माझ्या तोंडून बोलीच निघाली.

“आमी घरं मोजतो. घर म्हंजे जिथी चूल. जिथी चूल, तिथी नंबर; जिथी नंबर, तिथी फवारा. गोठ्याले नंबर नाई, देवळाले नाई, चौकीले नाई.”

“पाच माणसं झोपतात तिथे.”

“झोपत असतील ना. जेवन त त्याईच्या घरून येते.”

आमच्या डब्यांनीच त्यांना घराबाहेर ठेवले होते! आम्ही प्रेमाने भात पाठवत राहिलो, म्हणून तिथे चूल नव्हती. चूल नव्हती, म्हणून भिंतीला औषध नव्हते. आणि स्वयंपाक करू नये असा आदेश ज्या कार्यालयाने टांगला होता, तेच कार्यालय पुरावा मागत होते.

मी पर्यवेक्षकांना विचारले, “चूल पेटलेली दिसली तर नंबर द्याल?”

“दिसली त द्याच लागते. तसा नियमच हाये.”

“मग बुधवारी या.”

बुधवारी मी शाळेतून रजा घेतली. यजमानांच्या आजारपणाची सोडली तर आयुष्यातली पहिली किरकोळ रजा, तीही चूल मांडण्यासाठी. तीन विटा, घरचे पातेले, तांदूळ, तूरडाळ आणि वांगी घेऊन चौकीवर गेले. यजमानांना मुद्दाम नेले नव्हते. आदेश मोडायचा तर तो मोडणारी सरकारी नोकर नव्हे, निदान पोलीस तरी नव्हे, अशी व्यवस्था केली. मनाईच्या पाटीखाली मी विटा मांडल्या.

गेडामभाऊ दारात अस्वस्थपणे येरझारा घालू लागले. “बाई, साहेब आला त माहा पट्टा उतरवंल.”

“साहेब आले तर जेवायला बसवा.”

“आन् विचारलं का चूल कोनाची?”

“सांगा, हवालदाराच्या बायकोची. अन् पुरावा पाहिजे असला तर म्हणा, भात चाखून पहा.”

ते खो खो हसले आणि फुंकणी घेऊन स्वतःच बसले.

भात शिजत आला तेव्हा पर्यवेक्षक दोन माणसे आणि पंप घेऊन आले. त्यांनी आधी पाटी वाचली, मग चूल पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. “बाई, तुमी शाळंत लेकराईले असंच शिकवता काय?”

“हो. नियम नीट वाचायला शिकवते.”

त्यांनी खिशातून गेरूचा तुकडा काढला. दाराशेजारी नंबर लिहिला, पुढे तारीख. मग सामान बाहेर काढून आतल्या भिंती खालपासून वरपर्यंत फवारल्या. औषधाचा तो कडवट वास मला क्विनाइनइतकाच आपला वाटला. जेवण आम्ही सर्वांनी बाहेर, सागाच्या पानांवर केले. पर्यवेक्षकांनी दोनदा भात मागून घेतला.

चार दिवसांनी यजमान त्या चौकीत हजर झाले. कामावरच्या आजाराची नोंद मात्र आजतागायत झालेली नाही; तो अर्ज मी दर सहा महिन्यांनी पुन्हा लिहिते. पाच जिवंत माणसांनी जी जागा घर ठरली नाही, ती तीन विटांनी ठरली, हा राग मी मनातून जाऊ दिलेला नाही. काही राग जपून ठेवावे लागतात. त्यांच्यावर पुढची कामे होतात.

पण ऋणही तितकेच आहे. त्या डॉक्टरांचे, ज्यांनी मला थेंब मोजायला बसवून रडण्यापासून वाचवले. नाव न सांगता निघून गेलेल्या ट्रकवाल्याचे. गेडामभाऊंचे. आणि ज्यांच्या घरचा माणूस रस्त्यावर उभा आहे अशा भगिनींना एवढेच सांगणे: त्याला शाल मिळेल तेव्हा जरूर टाळ्या वाजवा, पण तो झोपतो कुठे, ती भिंत स्वतः जाऊन पहा. ताप आला तर आधी रक्त तपासा. गोळी डब्यातून पाठवू नका.

पाटी अजून तिथेच आहे, आणि तिच्याखाली रोज चहा उकळतो. महिन्यातल्या एका रविवारी मी काचपट्ट्यांची पेटी घेऊन त्या गाडीने जाते. यजमानांच्या उजव्या कानात अजून घुमते, म्हणून मी डाव्या बाजूला बसते आणि सर्वांच्या आधी त्यांचेच बोट हातात घेते.