आजऱ्याला न गेलेली गाडी

मे महिन्यात कोल्हापुरात गुऱ्हाळाचा वास येत नाही. तो थंडीतला वास. उकळत्या रसाचा, फेसाचा, किंचित करपलेला. म्हणून बऱ्याच दिवसांनी गाडीचं दार उघडलं आणि तसाच दाट गोडवा अंगावर आला, तेव्हा माझं नाक ऋतू चुकलं. पाऊल आत ठेवलं, तर गालिचा ओला. बोट टेकवून पाहिलं. पाण्याहून जाड, तेलाहून पातळ असं काही हिरवट बोटाला लागलं. समोरच्या काचेवर आतून त्याचीच साय धरली होती.

"हीटरची जाळी गळतीय," दारातल्या खुर्चीवरून नवरा म्हणाले. त्यांनी नुसतं माझ्या बोटाकडे पाहून ओळखलं.

गाडी त्यांची. आकाशी रंगाची, इंग्रजी बनावटीची, आमच्या लग्नाहून वयानं मोठी. मंगळवार पेठेत शेजाऱ्यांनी तळमजल्यावर दुकानगाळे काढले, आमच्या तळमजल्यावर ती उभी राहिली. आठ महिन्यांपूर्वी पक्षाघातानं त्यांचा उजवा हात आणि उजवा पाय अर्धा नेला. जीभ मात्र शाबूत राहिली. तेव्हापासून त्यांचा उजवा हात मी झाले. बटण, चमचा, चष्मा, वर्तमानपत्राचं पान, सगळ्यासाठी. हाक मारायचा त्यांना कंटाळा. काठी फरशीवर दोनदा आपटत. भाजी चिरताना, केस धुताना, कवितेची एखादी ओळ मनात जुळत असताना ती टकटक येई आणि ओळ तिथंच राही. घराला चार खोल्या होत्या, पण त्या काठीच्या आवाजाबाहेर एकही खोली नव्हती.

माझी सुटका आजऱ्याला होती. धाकटी नणंद तिथं काजूचा छोटा कारखाना चालवते. हंगाम संपला की पावसाळ्यात कारखाना थंडावतो, आणि तिनं आपणहून फोन केला होता.

"दादाला हिकडं आण की वैनी. दोन म्हयनं ऱ्हाऊ दे माझ्याकडं. माणूस हाय का यंत्र तू?"

दोन महिने. मी त्या शब्दांची चव कितीतरी दिवस जिभेवर घोळवली. दुपारभर झोपावं, मोठ्यानं कविता वाचावी, जेवणाची वेळ चुकवावी. एवढंच हवं होतं. त्याहून मोठं काही मागायची सवय राहिली नव्हती.

नवऱ्यानं नाही म्हटलं नाही. "किती दिवस?" एवढं विचारलं. मी म्हटलं, "बघू." मग त्यांनी अट घातली. एसटी नको, भाड्याची मोटार नको. जाईन तर माझ्या गाडीनं, आणि गाडी सगळी धड असेल तर. चालवणार मीच होते, हे त्यांनी कसंबसं गिळलं होतं. आणि आता ही गळती निघाली.

या जुन्या गाड्यांत इंजिनाचं तापलेलं, हिरवं गोडसर कूलंट मिसळलेलं पाणी दोन रबरी नळ्यांतून डॅशबोर्डखाली येतं, तिथल्या वहीएवढ्या पितळी जाळीतून फिरतं आणि तिच्यावरून येणारी हवा ऊबदार होते. कोल्हापुरात ही ऊब कुणाला हवी? पण त्यांचं म्हणणं, आजऱ्याच्या वाटेवर पावसात काच आतून धुरकटते, हीटर नसेल तर पुढचं दिसत नाही. ते खोटं नव्हतं.

जाळी मीच काढली. ते खुर्चीवरून सांगत होते, मी डॅशबोर्डखाली उताणी. पाठीला सीटची कड, मान दारात वाकडी, तोंडावर तारांचं जाळं. गंजाचा आणि जुन्या रबराचा वास. क्लॅम्प सैल करताच उरलंसुरलं पाणी गळ्यावरून कानात गेलं.

"डावीकडनं फिरव. डावीकडनं! ती डावी बाजू हाय का?"

"माझी डावी की तुमची?"

"गाडीची डावी, अगं. गाडीला का दोन डाव्या असत्यात?"

दीड तासानं जाळी हातात आली. वाळक्या हाडासारखी हलकी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. एका नळीच्या तोंडात रबरी बूच ठोकलं, दुसरीला सायकलचा पंप जोडला आणि जाळी कपड्यांच्या टबात बुडवली. पंप दाबला. पाणी स्तब्ध राहिलं. मग एका कोपऱ्यातून मोहरीएवढे बुडबुडे रांगेनं वर यायला लागले. एकच छिद्र. सुईनं टोचावं तेवढं. माझे दोन महिने तेवढ्यातून गळत होते.

उद्यमनगरातल्या रेडिएटरवाल्यानं जाळी उजेडात धरली, फिरवली, आणि माझ्याकडे दयेनं पाहिलं.

"वैनी, कशाला ह्यो कुटाणा? दोन्ही नळ्या एकमेकीला जोडायच्या. पाणी गेलं तसं आलं. हीटर बंद. हितं कोण हीटर लावतंय? फुकट घाम काढायचा."

"मालकांना चालत नाही."

"मग पंधरा दिवस ठिवा. बघा ढीग." मागं खरोखरच रेडिएटरांचा ढीग होता. पंधरा दिवसांत पाऊस लागला असता आणि नवऱ्याला वेगळी अट सुचली असती. मी जाळी परत आणली. घरी येऊन नळ्या जोडण्याचं सुचवून पाहिलं.

"न्हाय," ते म्हणाले. "अपंग गाडीतनं मी जाणार न्हाय."

मी जाळी उचलून आत नेली.

मी हुपरीची. चांदीच्या पैंजणांच्या गावची. आमच्या घरात प्रत्येक बाईला डाग देता येई; म्हणजे दोन कड्यांच्या सांध्यावर टाकणखार लावायचा, चांदीच्या मिश्रधातूचा कण ठेवायचा, आणि बत्तीची ज्योत त्यावर धरायची. कण आधी रुसतो, मग एकाएकी पाण्यासारखा सांध्यात शिरतो. त्या शिरण्याच्या क्षणाला एक चमक असते. ती पाहिली की ज्योत काढून घ्यायची. वडील गेल्यावर भावानं विचारलं, तुला काय हवं, तेव्हा मी त्यांचा पायानं दाबायचा भाता आणि त्याची बत्ती मागितली होती. माळ्यावर ती पेटी तशीच होती. एक छिद्र बुजवायला मला कुणाची गरज नव्हती.

नवरा दुपारचं जेवून झोपले तेव्हा मी मागच्या पडवीत भाता मांडला. त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खुर्ची पडवीत आली असती, आणि वडिलांच्या बत्तीजवळ मला कुणाच्या सूचना नको होत्या. पावलाखाली भाता श्वास घ्यायला लागला, ज्योत निळी झाली, टाकणखार फुलून पांढरा झाला. कितीतरी वर्षांनी माझे दोन्ही हात माझ्याच कामात होते. पितळ तांबूस झालं, लाल झालं. कण हलला. चमक आली. छिद्र बुजलं, अगदी वडिलांनी मान डोलवावी असं.

त्याच क्षणी फरशीवर काहीतरी टपकलं. एक चंदेरी थेंब. मग दुसरा. मला वाटलं माझाच डाग ओघळला. पण थेंब दुसऱ्याच सांध्यातून येत होते. त्याच्या शेजारच्या, मग त्याच्याही शेजारच्या. ज्योत बाजूला केली तरी थांबेनात. जाळीच्या नळ्या कथलानं सांधलेल्या होत्या. कथील किती लवकर वितळतं, हे हुपरीच्या मुलीला शिकवावं लागत नाही. पण मी त्या जाळीकडे पैंजण समजूनच पाहिलं होतं. चिमट्यात उचलली तर ती बाजूंनी सुटी झाली, आणि वहीची पानं शिवण तुटल्यावर पडावीत तशी तिची पत्र्याची पानं फरशीवर सांडली.

काठी आपटली नाही. ते स्वतः उठून भिंत धरत आले होते. केव्हापासून दारात उभे होते, कळलं नाही.

"कथील," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"इचारायचं तरी."

मी चिमटा खाली ठेवला. ते तसेच वळले, भिंत धरत परत गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी नणंदेला फोन करून सांगितलं, गाडी होत नाही, यंदा जमत नाही. ती खळखळून हसली. "आगं, मग त्यात काय! मीच येती की. कारखाना बंदच हाय. दोन म्हयनं माझं बी माह्यार हुईल." तिच्या आवाजात खोट तिळाएवढीही नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती आली, काजूच्या दोन पिशव्या घेऊन. भाऊ-बहीण गळ्यात पडून रडली, मग हसली. तिला चुलीजवळ कसं जाऊ द्यायचं? माहेरवाशीण ती. पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा. ती म्हणे, "वैनी, बस की जरा," आणि दादाशी लहानपणच्या विहिरीच्या गोष्टी सांगत बसे. आता एकाऐवजी दोन ताटं वाढायची होती, आणि मला राग येण्याजोगं कुणी काही केलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी ती अंघोळीला गेली असताना दारातल्या खुर्चीवरून नवरा म्हणाले, "दोन नळ्या जोडून टाक. हिला रंकाळ्यावर फिरवून आणू. लई दिवस झालं म्हणती."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "हीटर नसलेल्या गाडीत बसणार?"

"रंकाळ्याला कशाला पायजे हीटर?"

"रेडिएटरवाला म्हणाला तेव्हा नळ्या जोडल्या असत्या, तर आपण आजऱ्याला पोचलो असतो."

त्यांनी निकाम्या हाताची बोटं डाव्या हातानं एकेक करून सरळ केली. "व्हय," ते म्हणाले. "आणि मला ठिवून तू परत आली असतीस."

"दोन महिन्यांसाठी."

त्यांनी मान वर केली. "दोन म्हयनंच?"

"किती वाटले होते?"

"तू 'बघू' म्हणालीस. मला वाटलं, कायमचंच." हे त्यांनी रस्त्यावरची एखादी बातमी सांगावी तसं सांगितलं. मग विचारलं, "न्यायला आली असतीस?"

न्हाणीघरात पाण्याचा आवाज थांबला होता. मी गाडीशी गेले, रबरी नळीचा तुकडा उचलला, बॉनेट उघडलं, दोन्ही तोंडांवर नळी बसवली आणि क्लॅम्पचा स्क्रू फिरवायला लागले. हो म्हणायला एक क्षण पुरला असता. तो मी घालवला. स्क्रू घट्ट झाला होता, तरी मी फिरवत राहिले, आणि माझ्या पाठीकडे पाहत ते उत्तराची वाट बघत राहिले.